पेठेतली खोली

रात्री अकरालाही पुण्याची सदाशिव पेठ जागी असते. अभ्यासिकांतून सुटलेली पोरं टपरीवर चहा घेत चालू घडामोडींवर वाद घालतात, मेसच्या भाजीला शिव्या देतात. भाच्यासाठी इथं खोली शोधत चार दिवस हिंडलो. खोल्या होत्या, नाव सांगितलं की ‘कालच गेली’. शेवटी कोंढव्यात मिळाली. रोज बसनं यायचं.

‘मामू, आता पुणं तरी बघू,’ भाचा म्हणाला. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळली, विश्रामबागवाड्याचे लाकडी खांब पाहिले. मग भिडेवाड्याच्या जागेपाशी थांबलो. फुल्यांनी १८४८ साली इथं मुलींची शाळा काढली. त्यापायी घर सोडावं लागल्यावर या जोडप्याला गंज पेठेत आसरा दिला तो उस्मान शेख यांनी.

भाच्याला हे पाठ होतं. परीक्षेत विचारतात म्हणे.