त्या तारखेचा अंक

गणपतीच्या आधी माळा झाडण्याची आमच्या घरी जुनी रीत आहे. आणि झाडताना हाती येणारा प्रत्येक कागद उभ्या उभ्या वाचून काढण्याची माझी खोडही तितकीच जुनी आहे. 'अडगळ काढायला चढलात की वाचनालय उघडायला?' असा प्रश्न आमच्या सौभाग्यवती दर वर्षी खालून विचारतात. यंदा तर कामाचा पुरताच खोळंबा झाला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी एक वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेले सापडले. तारीख होती सोमवार, २१ जुलै १९६९.

ही तारीख साधीसुधी नव्हे. त्या दिवशी माणसाने चंद्रावर पाऊल टाकले आणि मी पृथ्वीवर! दुसऱ्या घटनेची दखल संपादकांनी घेतली नसणार, हे मी समजूनच होतो. पण पहिली तरी ठसठशीत अक्षरांत पाहावयास मिळावी, एवढी माझी माफक अपेक्षा होती. तीही फोल ठरली. या अंकातला माणूस चंद्राच्या दारापर्यंत पोहोचला आहे. उंबरठा मात्र त्याने ओलांडलेला नाही. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्राच्या मातीवर उमटले ते आपल्याकडील सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. तोवर पुण्यातले वर्तमानपत्र वाचून, त्यावर दोन मतभेद नोंदवून, चहाच्या बशीखाली गेलेले असते.

त्याच्याच शेजारी रशियाच्या 'लूना-१५' या यानाची बातमी आहे. अमेरिकेच्या यानाआधी तीन दिवस निघालेले हे यान चंद्राभोवती घिरट्या घालीत होते आणि त्याचा हेतू काय, हे कोणी स्पष्ट सांगत नव्हते. लग्नाच्या मांडवात एखादा अनोळखी गृहस्थ फिरत असावा, आणि वरपक्षाने त्याला वधूकडचा व वधूपक्षाने वराकडचा समजावे, तशातलाच हा प्रकार! चंद्रावरची माती घरी नेण्यासाठी ते आले होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. बिचारे त्याच रात्री चंद्रावर आदळून फुटले. पानावर अवतरलेले ते गूढ पान शिळे होण्याच्या आतच संपले होते.

पानाच्या दुसऱ्या अंगाला दिल्ली आहे. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदाचा कारभार पाहणारे उपराष्ट्रपती गिरी यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि तो कारभार सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे गेला. राजीनामा कशासाठी? तर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी! ज्या खुर्चीत बसावयाचे तिच्यातूनच आधी उठावयाचे, हा त्याग आम्हां सामान्यांना झेपणारा नव्हे. पुण्याच्या बसमध्ये तर हा प्रयोग कोणी करून पाहू नये. गिरींना मात्र तो साधला. बरोबर पाच आठवड्यांनी, २४ ऑगस्टला, ते त्याच खुर्चीत हक्काने बसले.

परंतु आमच्या घराच्या दृष्टीने त्या दिवसांतली थोर बातमी चंद्राचीही नव्हती आणि खुर्चीचीही नव्हती. शनिवारी, १९ जुलैच्या रात्री, पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही त्यांत होती. अण्णा त्या चौदांपैकी एकीत कारकून. शनिवारी खाजगी नोकर म्हणून घरी आलेला गृहस्थ सोमवारी सरकारचा माणूस म्हणून कामावर जावयाचा होता. आजीला या क्रांतीचा अर्थ समजावून देताना अण्णांची कशी पुरेवाट झाली, हे आई पुढे पुष्कळदा सांगे.

"म्हणजे पगार वाढला का रे?"

"नाही."

"मग बदली झाली?"

"अजून तरी नाही."

"मग बँकेचं काय झालं ते झालं, आपलं काय झालं?"

आजीच्या या प्रश्नाचे उत्तर मी त्या अंकाच्या अग्रलेखात शोधले. तेथेही ते नव्हते.

शिळे वर्तमानपत्र वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दिवसाची तारीख त्याच्या माथ्यावर असते, तो दिवस सोडून बाकी सारे त्यात असते. 'केसरी' मंगळवारी निघे. २२ जून १८९७ हा मंगळवारच होता, पण गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली ती त्या रात्री. १२ जुलै १९६१ च्या सकाळीही पुण्यात घरोघर वर्तमानपत्रे येऊन पडली, आणि तिकडे पानशेतचे धरण फुटत होते. ती तारीख उच्चारताच पुणेकराच्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहते. त्या तारखेच्या अंकात मात्र पाण्याचा तो लोंढा असणे शक्यच नव्हते. आमच्या नारायण पेठेतल्या बिऱ्हाडात पाणी शिरले, त्यात तो अंकही गेला आणि आजोबांच्या साऱ्या वह्याही गेल्या. तेव्हापासून जपावयाचे ते माळ्यावर, असा अण्णांनी नियमच करून टाकला.

मग हा अंक त्यांनी जपावा कशासाठी? चंद्राची आठवण म्हणून ठेवावयाचा, तर दुसऱ्या दिवशीचा ठेवावयास हवा होता. तारखेत चूक करणारा हा माणूस नव्हे. सारा जन्म त्यांनी तारखा आणि आकडे जुळविण्यात घालविला. अंक उलटा करून पाहिला तेव्हा शेवटच्या पानाच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीची अक्षरे दिसली. डिंक, खारीक, खोबरे, सुंठ, बाळंतशेपा. आणि त्याखाली, तितक्याच बारीक अक्षरात: 'रात्री ९-४०. मुलगा. दोघे सुखरूप.'

म्हणजे सरकारचा माणूस झाल्याच्या पहिल्याच दिवशी अण्णांनी रजा घेतली होती, आणि प्रसूतिगृहाच्या बाकावर दिवसभर हाच अंक त्यांच्या हाती होता! चंद्र, लूना, गिरी आणि स्वतःची बँक, हे सारे त्यांनी त्या दिवशी किती वेळा वाचले असेल, आणि त्यांतले किती त्यांच्या डोक्यात शिरले असेल, कोण जाणे. अण्णांनी तोंडाने माझे कौतुक केल्याचे मला आठवत नाही. पहिला वर्ग मिळाला तेव्हाही 'ठीक' एवढेच म्हणाले होते. पण त्या यादीकडे मी पुन्हा पाहिले. एकाही जिनसेपुढे भाव लिहिलेला नव्हता. बाजाराची यादी अण्णांनी भावावाचून लिहिली, असे त्यांच्या हयातीत तेवढे एकदाच घडले असावे.

"अहो, एवढं काय विशेष छापलंय त्यात?" खालून पुन्हा हाक आली.

"काही नाही," मी म्हणालो. आणि ते अक्षरशः खरे होते. अंकाची घडी पूर्वीसारखी घालून मी तो ट्रंकेच्या तळाशी होता तसा ठेवला, आणि केरसुणी हाती घेतली.