सापगावची नदी आणि मनूचा मासा

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगाव हे स्थानक लागते. तेथून शहापूर, आणि शहापुराहून किन्हवलीच्या रस्त्यास लागले की थोड्याच अंतरावर भातसा नदीचा पूल व सापगाव. माहुलीचे सुळके मागे टाकून आपण येथे येतो. प्रवासी ज्यास प्रेक्षणीय म्हणतात असे या गावी फारसे काही नाही. तथापि नदी म्हणजे काय आणि मनुष्याने तिचे काय केले, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ज्येष्ठ-आषाढात येथे अवश्य यावे. मात्र पूर मोठा असेल तेव्हा पूलच पाण्याखाली जातो. म्हणून उतार पडल्यावरच येणे शहाणपणाचे.

कोकणातल्या पुष्कळ नद्या वैशाखात कोरड्या पडतात; भातसा पडत नाही. वरच्या अंगास १९८३ साली पुरे झालेले मोठे धरण आहे. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांत ते सर्वांत मोठे. त्यातले पाणी नदीच्याच पात्रातून खाली सोडतात व भिवंडी तालुक्यात पिसे येथील बंधाऱ्यापाशी उचलून शहराकडे नेतात. म्हणजे सापगावची नदी ही नदी राहून शिवाय मुंबईची पन्हळही झाली आहे. उन्हाळ्यात ती वाहते याचा आनंद मानावा, की तिचा पूर आता धरणाच्या दारांवर अवलंबून राहिला याचे वाईट वाटून घ्यावे, हे आम्हास अजून ठरविता आलेले नाही.

पहिले मोठे पाऊस झाले, ओढे तांबडे होऊन वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून, भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालावयास येतात. यास इकडे ‘वलगण’ म्हणतात. मळ्या, शिंगटी, वाम यांची त्या दिवसांत रेलचेल असते. कातकरी व ठाकूर कुटुंबांचा तो वर्षाचा सण होय. आमच्यासारख्या शाकाहारी घरातील मनुष्याने माशांविषयी लिहावे याचे कित्येकांस हसू येईल. परंतु ज्यांच्या पुराणांत भगवंताचा पहिला अवतारच मत्स्य आहे, त्यांनी माशांची चौकशी करू नये तर कोणी करावी?

हल्ली शहापूर व मुरबाड तालुक्यांत हौशी शेतीची मोठी लाट आली आहे. मुंबई-पुण्याचे, क्वचित परदेशी नोकरी करून परतलेले गृहस्थ दोन-चार एकर जमीन घेतात, आंबे-चिकू लावतात, शेततळे खणतात व त्यात कटला, रोहू, मृगळ सोडतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या व मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच तळ्यात तिघांचा संसार भांडणावाचून चालतो. ही बोटुकली बाजारात इतक्या सहज मिळते, की ती कोठून आली असा प्रश्न कोणास पडत नाही. तिच्यामागे मात्र एका शास्त्रज्ञाची तपश्चर्या आहे.

हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराची वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करीत, आणि त्यात नको त्या जातींची भेसळ असे. १९२१ साली सिल्हेटकडे जन्मलेले डॉ. हिरालाल चौधुरी यांनी या कोड्याचा पिच्छा पुरविला. माशाच्या मेंदूखाली असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून मासा विण्यास प्रवृत्त करता येतो, हे ब्राझीलमध्ये १९३४ च्या सुमारास दिसून आले होते. चौधुरींनी आपले सहकारी अलिकुन्ही यांच्यासह ओडिशातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी आपल्या कार्प माशांवर हा प्रयोग यशस्वी केला. पुराची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. तळ्यात ताणून बांधलेल्या कापडी पेटीत मासे विऊ लागले. पुढे त्यांनी फिलिपीन्ससारख्या परदेशांतही ही विद्या शिकविली. २०१४ साली ते वारले. १० जुलै हा दिवस आता देशभर मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. आणि तो येतो नेमका वलगणीच्या हंगामाच्या सुमारास!

शतपथ ब्राह्मणातील कथा आम्हास येथे आठवते. हात धुताना मनूच्या ओंजळीत लहानसा मासा आला. ‘आम्ही लहान असतो तोवर मासाच माशास गिळतो, मला सांभाळ,’ असे तो म्हणाला. मनूने त्यास प्रथम घड्यात ठेवले, वाढल्यावर खड्ड्यात, आणि अखेर समुद्रात नेऊन सोडले. बीजाची पेटी, संगोपनाचे तळे, मोठे पाणी, असा हाच क्रम आजचे मत्स्यशास्त्र सांगते. चौधुरींनी पहिल्या दोन पायऱ्या देशाला बांधून दिल्या. हौशी शेतकरी मात्र दुसरीवरच थांबतो. आणि त्याने थांबावे हेच बरे, कारण त्याचे मासे भातसेचे नव्हेत. तळे फुटून ते नदीत गेले तर इथल्या जातींच्या अन्नात वाटेकरी होतात.

तिसरी पायरी कशी चढावी याचा धडा महाराष्ट्रातच आहे. मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ओगले यांनी लोणावळ्यास, टाटांच्या वीजतलावांच्या काठी, सह्याद्रीच्या नद्यांतला महाशीर कृत्रिम रीतीने वाढविला आणि त्याची पिले इतर प्रांतांतील जलाशयांतही गेली. जी जात त्या पाण्याची, ती त्या पाण्यास परत करणे, हे मनूचे खरे अनुकरण.

ज्या वाचकांच्या कुटुंबाचे या बाजूस शेत आहे, त्यांस आमची विनंती अल्प आहे. तळ्याच्या सांडव्यास पावसाळ्यापूर्वी बारीक जाळी लावावी. वलगणीत कातकऱ्याने पोटासाठी चार मासे धरले तर ते त्याचे वर्षाचे अन्न. आपण मौजेखातर त्याच्या शेजारी जाळे घेऊन उभे राहू नये. आणि आपल्या बांधावरून एखादी गाभुळी मासळी खाचरात चढताना दिसली, तर मुलांस जवळ बोलावून ती दाखवावी आणि वाट मोकळी ठेवावी.