ठेंगणा बाक

आबांना बाक लागला नाही. जमिनीवर बसायचं, फळी पायाच्या बोटांत धरायची आणि रंधा मारायचा. पाय हाच त्यांचा शिकंजा. मीही तसाच शिकलो.

दोन वर्षांपूर्वी माझे दोन्ही गुडघे बदलले. मांडी घालायला बंदी, उकिडवं बसायलाही. बंगळुरूच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी ४ बाय ७ फूट, त्यात वॉशिंग मशीन. उभ्यानं काम करायचं कारखानी टेबल तिथं मावणार नव्हतं. मावलं तरी मला फार वेळ उभं राहवत नाही. घडीचं आणलं. रंधा ढकलला की टेबलच पुढे सरके. "अहो, ते धरायला एक माणूस ठेवा," ही म्हणाली.

मग एका पुस्तकात हर्क्युलेनियमचं भित्तिचित्र दिसलं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं गाडलेलं गाव. चित्रात पंखवाली मुलं ठेंगण्या बाकावर फळी कापताहेत.

जुन्या सागवानी दाराची फळी घेतली: साडेतीन फूट लांब, १० इंच रुंद. पाय बाहेर फाकवले, म्हणजे डगमगत नाही. उंची १८ इंच, खुर्चीइतकी. उठताना गुडघे कुरकुरत नाहीत. घोड्यासारखं स्वार व्हायचं. माझंच वजन बाकाला जागेवर धरतं. फळी अडवायला पुढे खुंटी, बाजूला पाचर. संध्याकाळी ही त्यावर बसून भाजी निवडते.

आबांचा रंधा पुन्हा चालतो. फळी खुंटीनं पक्की धरलेली असते, तरी प्रत्येक हाताला माझ्या पायाची बोटं चपलेत आवळली जातात.