जुलाब नव्हतेच ते

"उद्यापासून डायपर घालून पाठवा त्याला." बाई हे म्हणाल्या वर्गाच्या दारात, शाळा सुटतानाच्या गर्दीत, मुलाच्या देखत. तिसरीतला मुलगा. मागच्या पोरांनी ऐकलं आणि व्हॅनमध्ये त्याचं तेच नाव पडलं.

बाकीचं थोडक्यात सांगते. चिनू लहानपणापासून व्यवस्थित संडासला जाणारा. दुसरीच्या शेवटी चड्डीला डाग दिसायला लागले, मग पातळ शी, मग जवळजवळ रोजच. घरात सगळ्यांनी जुलाब ठरवून टाकले. सासूबाईंनी जायफळ उगाळून दिलं, भाज्या बंद झाल्या, साबुदाण्याची पेज सुरू झाली. "लक्ष सगळं खेळात, दुसरं काय," असं त्याच्या बाबांचं मत. त्याला विचारलं तर एकच उत्तर, "मला कळलंच नाही." खोलीभर वास सुटलेला आणि हा खाली मान घालून चित्र रंगवतोय. खोटं बोलतोय, यापलीकडे कुणाला काय वाटणार?

पण त्या पिशवीचं सांगायलाच हवं. शाळेत मावशींनी कपडे बदलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरलेली चड्डी आणि हाफपँट पारदर्शक पिशवीत घालून ती पिशवी दप्तराच्या पट्ट्याला बाहेरून बांधली. का, तर आत वह्या खराब होतील. व्हॅनमध्ये कुणी शेजारी बसेना. घरी आला तेव्हा गाठ इतकी घट्ट बसली होती की कात्रीने कापावी लागली. वर्तमानपत्राचा एक कागद गुंडाळायला किती वेळ लागतो? आपण मटणसुद्धा काळ्या पिशवीतून आणतो, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. मुलाची अब्रू तेवढी उघड्यावर. वर डायरीत लाल शाईने शेरा, 'मुलाला स्वच्छतेच्या सवयी लावाव्यात.' आणि खाली पालकांची सही हवी! केली सही.

बालरोगतज्ज्ञांनी त्याला आडवं केलं, बेंबीच्या खाली डावीकडे दाबलं आणि माझी बोटं तिथे टेकवली. आत कडक, गाठीगाठींचं काहीतरी लागलं. "जुलाब कसले? बद्धकोष्ठ आहे हे, बऱ्याच महिन्यांचं." मी वादच घातला, अहो, रोज पातळ होतंय. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं. खडा खाली अडकून बसतो, मोठा होत जातो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेकडेने पाझरते. गुदाशय ताणून ताणून सैल इलॅस्टिकसारखा झालेला असतो, त्यामुळे भरल्याची जाणीवच होत नाही. सतत त्याच वासात राहून नाकालाही तो येईनासा होतो. म्हणजे "मला कळलंच नाही" हे पोरगं शब्दशः खरं सांगत होतं, आणि जायफळ, पेज, भाज्या बंद हे सगळं बरोब्बर उलटं चाललं होतं. पडदा धरून, पाय आवळून, चवड्यांवर उभा राहायचा तेव्हा आम्हाला वाटे, जोर करतोय. तो रोखून धरत होता. एन्कोप्रेसिस म्हणतात याला. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला हे नाव लावत नाहीत.

रोखत का होता? शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती. पोरं दार ढकलून पळायची. एकदा रोखलं की शी कडक, कडक झाली की दुखणार, दुखलं की पुन्हा रोखणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. कडी लावा, हेही आता कायद्यात लिहायचं का?

औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात ढवळून. आधी मोठ्या डोसने तुंबलेलं सगळं बाहेर काढायचं (ते दिवस सुट्टीतच काढावेत, हा माझा सल्ला), मग रोजचा डोस कित्येक महिने. डाग थांबले की औषध आपल्या मनाने थांबवू नका, आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपसूक वाढते, म्हणून तेव्हा पाच-दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट देऊन. झाली नाही तर नाही, रागवायचं नाही. औषधाची सवय लागेल, असं सासूबाई अजून म्हणतात. या पावडरीची तशी सवय लागत नाही, पण ते त्यांना पटवायच्या भानगडीत मी पडत नाही.

डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर शाळेने शिक्षकांचा संडास वापरू द्यायला सुरुवात केली. बाई "आम्हाला काय माहीत" म्हणाल्या. खरंच आहे. वर्ग भरून मुलं, मदतीला एकटी मावशी, बाईंनी तरी काय काय बघायचं? असं म्हणते आणि रात्री पुन्हा डोकं तापतं. रोग माहीत नसेल, पण चारचौघांत काय बोलू नये हेही माहीत नाही?

शाळाच बदलायची म्हणून दुसरीकडचा फॉर्म आणला. चिनू ऐकेना, त्याचे मित्र इथेच. शिक्षकदिनाला तर याच बाईंसाठी गुलाब हवा म्हणून हटून बसला. आणून दिला. वीस रुपयांचा होता, पण जिवावर आलं.