घाटावर कॉफी, घाटाखाली कोको

मुलांनो, कॉफी आणि चॉकलेट दोन्ही तपकिरी, साखर घातली नाही तर दोन्ही कडू, आणि दोन्ही बियांपासून होतात. म्हणून पुष्कळांना वाटतं, ही सख्खी भावंडं असावीत. मुळीच नाही! कॉफी ही कदंबाच्या कुळातली, मूळची आफ्रिकेतल्या इथिओपियाची. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपली भेंडी आणि जास्वंद त्याची नातलग! पण कर्नाटकात या दोघांच्या बागा एकाच दिवसाच्या प्रवासात पाहायला मिळतात. नाताळच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षिका तिकडे जाऊन आलो. चला, तुम्हीही या आमच्याबरोबर!

सकाळी चिकमगळूर. अंगात स्वेटर, समोर बाबा बुदनगिरीचे डोंगर. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिरांनी येमेनहून सात बिया आणून इथे लावल्या, अशी आख्यायिका सांगतात. कॉफीला असा थंड डोंगर आवडतो आणि ऊन लागतं ते गाळून! म्हणून तिच्या डोक्यावर सिल्व्हर ओकची, फणसाची सावली, आणि त्या झाडांवर चढलेले मिरीचे वेल. झाडं छाटून माणसाच्या उंचीएवढी ठेवलेली. फांद्यांना बोराहून लहान, लालचुटूक फळांचे झुबके. बायका फक्त लाल फळं वेचत होत्या. एक फळ दाबलं, तर आतून दोन बिया निघाल्या, पोटाला पोट लावून बसलेल्या!

मुडिगेरे मागे टाकलं आणि आमची गाडी चार्माडी घाट उतरू लागली. वळणामागून वळण! कानांत दडे बसले, स्वेटर पिशवीत गेले. खाली उतरलो तर हवा एकदम कोकणासारखी दमट आणि दोन्ही बाजूंना पोफळीच्या बागा. मुंडाजे गावाजवळ आम्ही थांबलो. या भागातल्या चित्पावन कुटुंबांत मराठीला जवळची बोली अजून बोलतात, त्यामुळे एका बागायतदार आजोबांशी आमच्या गप्पा छान जमल्या.

पोफळींच्या सावलीत कोकोची झाडं होती. त्यांची फळं फणसासारखी थेट खोडाला लागलेली! कच्ची हिरवी, पिकलेली पिवळी. आजोबांनी एक फळ कोयतीनं कापून फोडलं. आत सीताफळासारखा पांढरा गर आणि तीस-चाळीस बिया. गर आंबटगोड लागला. बी चावली मात्र, आणि तोंड कडूजहर! रंग जांभळा. चॉकलेटचा वास? नावालाही नाही!

"अहो बाई, तो वास आत्ता कसा येणार?" आजोबा हसले. त्यांनी केळीच्या पानांनी झाकलेली एक टोपली दाखवली. आत हात घातला, तर बिया चांगल्या गरम! गरासकट पाच-सहा दिवस त्या अशा आंबवतात, मग उन्हात वाळवतात. या आंबण्यातूनच चॉकलेटच्या चवीचा पाया तयार होतो. पुढे भाजलं की खरा वास सुटतो. कॉफीचं गुपितही भाजण्यातच आहे. वाळलेल्या हिरवट बीला तो वास नसतो.

मग फरक कुठे? कॉफीची पूड आपण गाळतो आणि चोथा टाकतो. कोको मात्र चॉकलेटमधून सगळा पोटात जातो. त्याच्या बीत निम्मी चरबी असते. ती तोंडातल्या उबेनं वितळते, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं.

आजोबांनी सांगितलेला फरक मात्र पुस्तकात चटकन सापडत नाही. "कॉफी घरी भाजून, कुटून पिता येते. कोकोचं घरी काय करू? कारखान्यानं घेतला नाही, तर सगळा कचरा!"

तसं खरंच घडलं होतं. १९८० च्या सुमारास इथे कोको विकत घेणारं कोणी उरलं नाही. भाव कोसळले आणि अनेकांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. तेव्हा सुपारीसाठी १९७३ साली निघालेली 'कॅम्पको' ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था पुढे आली. तिनं कोको घेतला आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखानाच उभारला! आपल्याकडे प्रवरानगरला ऊसवाल्यांनी साखर कारखाना काढला, तसंच हे.

"माझ्या वडिलांनी अर्धी झाडं तोडली, अर्धी राखली," आजोबा म्हणाले. पश्चिम आफ्रिकेत पीक कमी आलं आणि २०२४ साली जगभर कोकोचे भाव कधी नव्हे इतके चढले, तेव्हा तीच राखलेली झाडं कामाला आली. पुढे भाव उतरले. तरी आजोबांची कोयती थांबलेली नाही.

जाता जाता दोन गोष्टी. कॉफीत कॅफीन भरपूर, ते झोप उडवतं. म्हणून आई रात्री तुम्हाला कॉफी देत नाही. कोकोत कॅफीन थोडं आणि थिओब्रोमीन जास्त. हे थिओब्रोमीन कुत्र्याला विषासारखं बाधतं. तेव्हा मोत्याला चॉकलेटचा तुकडासुद्धा द्यायचा नाही हं!

संध्याकाळी पुत्तूरला आम्ही एक चॉकलेट घेतलं आणि चौघींत वाटून खाल्लं. सकाळची कॉफी घाटावरची, हे चॉकलेट घाटाखालचं. मधे होता फक्त एक घाट.