अर्धा वॅट

प्रपंचांत पैसा किती मिळतो याची चौकशी सगळेच करतात. पण मिळालेला पैसा घरीं पोंचेपर्यंत वाटेंत किती गळतो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. विजेच्या बाबतींत हा दुसरा प्रश्न विचारावयास आम्हांस एका पावसाळ्यानें शिकविलें.

सन २०१२ सालीं आमच्या मातुश्री कोंकणांतील जुन्या घरीं एकट्याच राहत होत्या. वादळांत तारा तुटल्या म्हणजे तेथें चार-चार दिवस वीज नसे. आम्हीं पुण्याहून १०० वॅटचा सौर फलक आणि १२ व्होल्टची शिशाची बॅटरी नेली, साध्या नियामकांतून दोन्ही जोडून दिलीं, आणि 'आतां अंधाराची चिंता नको' असें मोठ्या दिमाखानें सांगून परतलों. श्रावणाच्या आधींच दिवा मिणमिणूं लागला. एका रात्रीं तो विझला, आणि मातुश्री काळोखांत पायरी चुकून पडल्या. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. आमचा दिमाख मात्र मोडला.

शोध घेतां दोष आमचाच निघाला. असा फलक भर उन्हांत सुमारे १८ व्होल्टांवर साडेपांच अँपिअर देतो. तो सरळ बॅटरीस बांधला कीं तिच्या १३ व्होल्टांपर्यंत खालीं ओढला जातो, आणि प्रवाह कांहीं त्या मानानें वाढत नाहीं. शंभरांतले बहात्तरच वॅट पदरांत पडतात. गार हवेंत फलकाचा दाब चढतो, म्हणजे पावसाळी उघडिपीचें मोलाचें ऊन अधिकच वायां जातें. वरचेवर अर्धपोटीं राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचें कठीण कवच चढतें. आमची बॅटरी त्यानेंच मेली.

यावर उपाय म्हणजे दाब उतरवून त्या प्रमाणांत प्रवाह वाढविणारा कन्व्हर्टर. दाब नुसत्या रोधानें उतरविला तर उतरलेला भाग उष्णता होऊन जातो. येथें मॉस्फेट नांवाचें दार सेकंदास एक लाख वेळां उघडतें व मिटतें, आणि तांब्याच्या तारेचें वेटोळें ते धक्के पोटांत घेऊन संथ प्रवाह पुढें देतें. दार सताड उघडें असतां त्यावर दाब जवळजवळ नसतो. पुरतें मिटलें असतां त्यांतून प्रवाह नसतो. म्हणून दोन्ही स्थितींत व्यय नाममात्र. नासाडी होते ती मधल्या क्षणीं, उंबरठ्यावर घुटमळतांना.

दार मिटलें असतां वेटोळ्यांतील प्रवाहास दुसरी वाट लागते. त्या वाटेवर आम्हीं प्रथम डायोड ठेविला. तो जकात म्हणून अर्धा व्होल्ट ठेवून घेई. ७ अँपिअर वाहतील तेवढ्या क्षणांपुरते साडेतीन वॅट. त्याच्या जागीं १० मिलिओहम रोधाचा दुसरा मॉस्फेट बसविला, तेव्हां जकात अर्ध्या वॅटावर आली. दारें अधिक झटकन हलावींत म्हणूनहि पुष्कळ खटपट केली. अखेर शंभरांतले ९५ वॅट बॅटरींत जाऊं लागले, आणि आमचा दिमाख पुन्हां डोकें वर काढूं लागला.

पुढच्या मे महिन्यांत नवी पेटी घरीं बसविली. मातुश्रींनीं तिच्यावर हात ठेविला.

"अरे, ही तर गार लागते. बंद पडली कीं काय?"

"नाहीं आई, नीट चालते म्हणूनच गार आहे."

त्यांनीं मान डोलावली आणि रेडिओ लावला. मध्यमलहरींवर नुसती खरखर! दार जितकें झटकन मिटतें, तितका त्याचा गोंगाट वरच्या लहरींपर्यंत पोंचतो, हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. पण त्या लहरींवर घरांत कोणाचें तरी भजन लागत असेल, हें मनांत आलें नव्हतें.

"तुझा दिवा रात्रींचा," मातुश्री म्हणाल्या, "पण दिवसभर माझ्याशीं बोलणारें हेंच एक आहे रे."

आम्हीं पेटी पुन्हां उघडली. मॉस्फेटच्या वाटेंत लहानसा रोध घालून उघडझाप किंचित मंद केली, तारांवर फेराइटचीं कडीं चढविलीं, सभोंवतीं पत्रा बसविला. खरखर गेली. मोजून पाहतां अर्धा वॅट कमी भरला.

हिशेबाच्या वहींत त्याचें नांव तोटा असेंच पडेल. पण वाटेंत गळलेलें आणि वाटेंत दिलेलें यांत भेद आहे. तो अर्धा वॅट आम्हीं पुढें कधींहि परत मिळवूं पाहिला नाहीं.