लाल ठिपक्याचा पेला

आमच्या घरी स्टीलचा एक पेला होता. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो ठिपका आम्हीच लावला होता. १९९१ च्या पावसाळ्यात तो पेला आमच्या वहिनींचा झाला आणि घरातल्या बाकीच्या भांड्यांपासून वेगळा, मोरीशेजारच्या फळीवर राहू लागला. ही गोष्ट आम्ही आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. सांगताना लाज वाटते. पण असे पेले आजही काही घरांतून वेगळे काढले जातात, म्हणून ती सांगायचे आम्ही ठरवले आहे.

नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आमची दहा बाय सोळाची खोली. तीत आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि आम्ही तीन धाकटी भावंडे, अशी आठ माणसे राहत होतो. १९८२ च्या गिरणी संपापासून बाबा घरी बसलेले. दादाच्या एकट्याच्या पगारावर सारा संसार चालत होता. वहिनींना खोकला लागला तो वैशाखात. नाक्यावरच्या दवाखान्यातून खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या आणून झाल्या. संध्याकाळी त्यांचे अंग गरम व्हायचे, ब्लाऊज सैल होऊ लागले होते. "कामाचा शीण असेल," असे म्हणत आम्ही सर्वांनी दिवस घालवले. शेवटी बेडका तपासला, छातीचा फोटो काढला आणि निदान झाले. टी. बी. म्हणजे क्षयरोग.

घरी आल्यावर आई पहिले वाक्य बोलली ते असे : "पोरीचं लग्न ठरायचंय. या खोलीबाहेर कुणी काही बोलायचं नाही."

तेव्हापासून चाळीला आम्ही 'न्यूमोनिया' सांगू लागलो. वहिनींचे ताट वेगळे, पेला वेगळा, चादर वेगळी. ठिपका असा लावला की आम्हांलाच कळावा, पाहुण्यांना कळू नये. आणखी एक गोष्ट आम्ही केली. रात्री खोकल्याची उबळ आली की आवाज शेजारी जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेऊ लागलो, दारही ओढून घेऊ लागलो. आपण घराला जपतो आहोत, अशीच आमची समजूत होती.

आता या रोगाचा जंतू कसा असतो ते पाहावे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी तो जगापुढे मांडला. काडीसारखा आकार. मिलिमीटरचे तीनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची लांबी. त्याच्याभोवती मेणचट कवच असते. हा जंतू रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून, मोठ्याने बोलण्यातूनही, बारीक तुषारांबरोबर बाहेर पडतो. कोंदट, अंधाऱ्या खोलीत ते तुषार तासन्‌तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. वारा खेळता असेल तर ते विरून जातात. उन्हात जंतू मरतो. उष्ट्या पेल्यातून, ताटातून, हातात हात घेतल्याने क्षय होत नाही.

म्हणजे आम्ही नेमके उलटे केले. ज्यातून रोग जात नाही तो पेला वेगळा काढला आणि ज्या वाटेने तो बाहेर गेला असता ती खिडकी बंद केली.

औषधे सुरू झाली. पहिल्या गोळीनंतर वहिनींची लघवी तांबूस-नारिंगी झाली आणि त्या घाबरून रडू लागल्या. रिफाम्पिसिन या गोळीने तसे होते आणि त्यात काही अपाय नसतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सार्वजनिक संडासात कुणी पाहील म्हणून त्या बादली-बादली पाणी ओतत. पण औषध लागू पडले. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, तोंडाला चव आली. त्याच सुमारास गावाहून पाहुणे आले आणि पंधरा-वीस दिवस राहिले. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या. एवढ्या माणसांत त्या काढायच्या कशा? वहिनींनी आज नको, उद्या घेऊ, असे करत गोळ्या सोडल्या. पाहुणे गेल्यावरही, आता बरेच वाटते आहे म्हणून, पुन्हा सुरू केल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही. खरे सांगायचे तर आजार नाहीसा झाला असे मानणे आमच्या सोयीचे होते.

इथेही जंतूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. काही जंतू तर शरीरात झोपल्यासारखे पडून राहतात. औषध मारते ते जागे असलेल्यांना आधी. म्हणून दोन महिन्यांत माणूस बरा दिसतो, पण झोपलेले संपवायला पुढचे महिने लागतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो, आणि उरलेले जंतू त्या गोळ्यांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

१९९२ च्या उन्हाळ्यात वहिनींना पुन्हा खोकला लागला. या वेळी बेडक्यात रक्त होते. पाठोपाठ आमच्या पुतणीच्या मानेला गाठी आल्या. तिचा पेला वेगळा नव्हता, ती आमच्याबरोबरच जेवत होती. पण झोपत होती ती त्याच बंद खोलीत, आईच्या कुशीत.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून एक सिस्टर घरी चौकशीला आल्या. तीन मजले चढून घामाघूम झालेल्या. त्यांनी पाणी मागितले. आई चांगला पेला शोधू लागली तोवर सिस्टरांनी हात लांबवून फळीवरचा पेला घेतला, माठातले पाणी ओतले आणि त्या प्यायल्या. "अहो, तो नको!" असे आईच्या तोंडून निघून गेले. सिस्टरांनी पेला उलटा करून ठिपका पाहिला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, याने काही होत नाही. खिडकी उघडा आधी."

कुणी काही बोलले नाही. मग वहिनी बोलल्या, वर्षभरात पहिल्यांदा. "आमच्या गावच्या हॉटेलात माझ्या बापासाठी कपबशी वेगळी असायची. बाहेर कुडाला अडकवलेली. स्वतः घ्यायची, स्वतः धुवायची. मला वाटलं, या घरात आले म्हणजे ते सुटलं."

आमचे आजोबा २० मार्च १९२७ ला महाडला होते. चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी ते बाबासाहेबांच्या मागोमाग प्यायले, ही कथा बाबा आम्हांला दर वर्षी अभिमानाने सांगत. त्या दिवशी बाबा उठले, त्यांनी खिडकी उघडली आणि तो पेला नेऊन बाकीच्या पेल्यांत ठेवला. ठिपका खरवडायला गेले, पण नखाने निघेना. सिस्टर गेल्यानंतर बराच वेळ ते खिडकीपाशी उभे होते. त्यानंतर महाडची कथा सांगताना ते या पेल्याचीही सांगू लागले.

दुसऱ्या खेपेचे उपचार लांबले. गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने रोज टोचावी लागली. या वेळी गोळ्या तांदळाच्या डब्यात नव्हत्या, तसबिरीखालच्या फळीवर सर्वांसमोर होत्या, आणि वहिनींनी घेतली की नाही हे पुतणी मोजायची. दोघी पूर्ण बऱ्या झाल्या. आमच्या बहिणीचे लग्नही झाले. मुलाकडच्यांना आम्ही सारे आधीच सांगितले होते. मात्र त्या इंजेक्शनांनी वहिनींना कानाने कमी ऐकू येऊ लागले, ते कायमचे. पहिल्याच खेपेला गोळ्या पुऱ्या झाल्या असत्या तर ती इंजेक्शने बहुधा लागलीच नसती. आमच्या लपवालपवीची किंमत त्यांनी मोजली, आम्ही नाही.

आम्हांला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट पुढे वाचनात आली. १९५६ साली मद्रासला क्षयरोगावरील औषधांच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन झाले. तिथे गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले. तिथे विश्रांती होती, चांगले अन्न होते. दुसऱ्या गटाला तीच औषधे देऊन आपल्या घरीच राहू दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या सान्निध्यामुळे घरातल्या माणसांना रोग अधिक झाला असेही आढळले नाही. माणसाला दूर करण्याची गरज नाही, औषध नियमित हवे, हे आपल्याच देशाने जगाला दाखवून दिले होते. आम्ही पेल्याला ठिपका लावला तेव्हा त्याला बत्तीस वर्षे उलटून गेली होती.

आज जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. पण आजची साधनेही तेव्हापेक्षा पुष्कळ चांगली आहेत. बेडक्याच्या नव्या यंत्रतपासणीत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देईल का, हे काही तासांत कळते. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या पुरतात. आहारासाठी २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. घरातल्या माणसांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक गोळ्याही दिल्या जातात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बाटल्यांवर दिवस घालवू नका, बेडका तपासून घ्या. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने तोंडावर रुमाल किंवा मास्क ठेवावा. खिडक्या उघड्या ठेवा. गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या, आणि घ्यायला कुणाला लपावे लागेल असे वातावरण घरात ठेवू नका.

आमच्या वहिनींनी आता साठी ओलांडली आहे. वस्तीत कुणाला हा आजार झाल्याचे कळले की त्या त्यांच्या घरी जाऊन बसतात. कमी ऐकू येते म्हणून जवळ सरकून बसतात. आणि गेल्या गेल्या पाणी मागतात.